३५४ रुपयांची थकबाकी

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी धार काढून आत्ता टेकली असेल. तव्यावर लक्ष ठेवा आणि ऐका.

आज मी सिबिलबद्दल बोलणार आहे. हा शब्द आता आपल्या गावांत नवा राहिलेला नाही. "त्याचं सिबिल खराब झालंय," असं आपण पोट बिघडल्यासारखं सहज बोलून जातो. पण ते खराब कशानं होतं असं विचारलं, की उत्तर एकच येतं: कर्ज बुडवलं असेल. मलाही तसंच वाटायचं. इतकी वर्षं बचत गटांचं काम करते, बैठकीत पंचसूत्री म्हणून घेते, नियमित परतफेडीवर तर तासभर बोलू शकते. तरी मलाही तसंच वाटायचं. मग आमच्या एका गटातल्या काकींबरोबर बँकेत जायची वेळ आली.

या काकी गटात अकरा वर्षं आहेत. एकदाही हप्ता चुकलेला नाही. टाळेबंदीत सगळ्यांचंच अडलं होतं, तेव्हा त्यांनी शेळी विकली, पण गटाचा हप्ता आणून दिला. त्यांना पिठाची गिरणी टाकायची होती. गावातली जुनी गिरणी बंद पडलेली, बायका दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जायच्या. धंदा चालणार हे लहान पोरालाही कळत होतं. कोटेशन आणलं, जागेचा उतारा काढला, ८० हजारांचा अर्ज केला. मी म्हटलं, काकी, तुमचं काम झालंच समजा.

साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं, परत बघितलं आणि म्हणाले, "ताई, यांच्या नावावर थकबाकी दिसते. चारशेच्या वर दिवस झालेत."

मी विचारलं, "किती थकलेत?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "३५४ रुपये."

काकींना आधी ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्या कुणाचा रुपया ठिवला न्हाई, बाई. दुसऱ्या कुणाचं आसंल." साहेबांनी नाव वाचलं, पॅन नंबर वाचला, जन्मतारीख वाचली. सगळं काकींचंच होतं. कर्ज कसलं, तर मोबाइलचं.

मग गाडीत बसल्यावर हळूहळू उलगडा झाला. दोन दिवाळ्यांआधी काकींच्या मुलानं तालुक्याच्या दुकानातून हप्त्यावर मोबाइल घेतला होता. त्याच्याकडे तेव्हा पॅन कार्ड नव्हतं, म्हणून आईला दुकानात नेलं. काकींनी अंगठा टेकवला, फोटो काढू दिला, चहा घेतला आणि घरी आल्या. दहा हप्ते होते. पोरानं दहाच्या दहा भरले, हे खरं आहे, मी त्याच्या फोनवर बघितलं. फक्त सातव्या हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी होते, तो हप्ता परत गेला. आठ दिवसांनी पोरानं हप्त्याची रक्कम भरून टाकली. त्याच्या मते विषय संपला. पण हप्ता परत गेल्याचा आकार लागला होता, ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४. पुढचा हप्ता आला तेव्हा कंपनीनं त्यातून आधी हा आकार वळता करून घेतला आणि हप्ता तेवढ्यानं कमी पडला. असं करत शेवटच्या हप्त्यात ३५४ रुपये बाकी राहिले. कर्ज बंद झालंच नाही. मधल्या काळात पोरानं सिम बदललं, त्यामुळे कंपनीचे मेसेज गेले जुन्या नंबरावर. मोबाइलची काच फुटली, तो विकलाही, आणि इकडे दिवस मोजले जात होते.

आता हे दिवस मोजतं कोण? आपल्या देशात कर्जाची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल त्यातली सगळ्यांत जुनी, २००० साली सुरू झालेली, म्हणून आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. कुठल्याही मशीनवर कागद काढला तरी आपण झेरॉक्सच म्हणतो ना, तसं. बँक, फायनान्स कंपनी, मायक्रोफायनान्सवाले, सगळ्यांना आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवावीच लागते. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं ती पंधरा दिवसांनी कळवायला लावली. आणि गटाच्या कर्जात आपलं नाव कुठे येतं, असं समजू नका. गटातल्या बायकांचीही एकेकीची माहिती कळवावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्येच सांगितलं आहे.

त्या माहितीवरून ३०० ते ९०० च्या मधला एक आकडा निघतो, तो आपला स्कोअर. साधारण ७५० च्या पुढे असला की बँका खूश असतात. पण मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती अहवालातली खान्यांची रांग. प्रत्येक कर्जापुढे महिन्याला एक खाना, असे मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे खाने असतात. शाळेतल्या हजेरीपटासारखं. हप्ता वेळेवर असेल तर खान्यात तीन शून्य. उशीर झाला असेल तर जितके दिवस उशीर, तो आकडा. नव्वद दिवसांच्या वर गेलं की ते कर्ज बुडीतच्या रांगेत धरलं जातं. रक्कम दुसऱ्या ओळीत लिहिलेली असते, पण या खान्यांत फक्त दिवस असतात. लाखाचा हप्ता चारशे दिवस थकला तरी चारशे, आणि ३५४ रुपये थकले तरी चारशे. काकींच्या रांगेत सुरुवातीला शून्यं होती, मग आकडे वाढत वाढत गेले होते. ते बघून मला खरं सांगते, पोटात खड्डा पडला. ज्या बाईनं शेळी विकून हप्ता भरला, तिची ही हजेरी.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, आमचा संबंध संपला, कंपनीला विचारा. कंपनीची शाखा जिल्ह्याच्या गावी. तिथं गेलो तर उशिराचे आकार लागून ती रक्कम हजाराच्या वर गेलेली. काकी म्हणाल्या, भरून टाक, माझं नाव सोडव. भरले. तिथला मुलगा म्हणाला, झालं मावशी, जा आता. आम्ही हललो नाही. पावती घेतली आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखलाही मागितला. तो आठ दिवसांनी मिळाला, त्यासाठी परत एक खेप झाली. पुढे महिनाभरानं अहवालात ते खातं बंद दिसायला लागलं. पण मागचे खाने काही कोरे झाले नाहीत. साहेबांनी काही महिने थांबायला सांगितलं. तोवर दुसऱ्यानंच गावात गिरणी टाकली. काकींनी ग्रामसंघातून कर्ज घेऊन घरघंटी आणली आहे, मिरची-हळद आणि थोडं दळण करतात. चालतंय. पण व्हायची होती गिरणी.

काकींचा पोरगा वाईट आहे का? मुळीच नाही. तो आजही आईसमोर मान वर करून बसत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. आपण बायका आपलं नाव किती सहज उसनं देतो! वाटीभर साखर देताना आपल्याला आठवण राहते, परत आली की नाही. आणि आधार कार्ड देताना? भाच्याची गाडी, दिराचा फ्रिज, जावयाच्या कर्जाला जामीन. जामिनाची सही केली की तेही आपल्या अहवालात दिसतं, आणि त्यानं हप्ता चुकवला की आपल्या नावालाही लागतं. नात्यात नाही म्हणता येत नाही, मला माहीत आहे. मलाही येत नाही. निदान फॉर्मवर मोबाइल नंबर तरी आपला स्वतःचा लिहा. पोराचा नको, दुकानदाराचा तर नकोच.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, म्हणजे मी नुसती शहाणपणा शिकवायला आले असं वाटायला नको. २०२३ च्या मे-जूनमधली. गावोगाव फिरायला मी स्कूटी घेतली होती. हप्ता २,६४० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप कापला जायचा. मे महिन्यात मी खात्यात २,९०० ठेवले आणि निश्चिंत झाले. मे महिना कसा असतो तुम्हाला माहीत आहे, लग्नंच लग्नं. आणि मेच्या शेवटी खात्यातून ४५६ रुपये गेले. कशाचे? पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०. हा विमा मीच तुम्हा सगळ्यांना काढायला लावते! दरवर्षी मेअखेर तो कापला जातो हे मी बैठकीत सांगते. पण स्वतःच्या खात्याचं गणित करताना विसरले. राहिले २,४४४. हप्त्याला १९६ रुपये कमी.

१९६ रुपये कमी होते म्हणून २,६४० चा हप्ता परत गेला. असं नसतं की आहेत तेवढे घेतील आणि बाकीचे नंतर मागतील. बँकेनं परतीचे २९५ कापले, कंपनीनं ५९० लावले. मेसेज आला होता, इंग्रजीत, लग्नाच्या गडबडीत बघितला कुणी. जुलैच्या ३ तारखेला वसुलीच्या माणसाचा फोन आला तेव्हा मला कळलं. त्याच दिवशी आकारासकट सगळं भरलं. पण जूनचा खाना तोवर लिहून गेला होता: २५. बाकी सगळी शून्यं आणि मधेच हा २५. कोऱ्या साडीवर हळदीचा डाग पडावा तसा. माझी कर्जं अडली नाहीत, एका डागानं सहसा अडतही नाहीत. पण बैठकीत परतफेडीवर बोलताना तो २५ माझ्या डोळ्यांसमोर येतो.

म्हणून आता मी जास्तीचा एक हप्ता नेहमी खात्यात पडून ठेवते. त्याला मी अंडपिल्लं म्हणत नाही, तो नसल्यातच धरते. हप्त्याच्या दोन दिवस आधी पासबुक भरून घेते, नाहीतर बँक सखीकडून शिल्लक बघून घेते.

खात्यांचा अजून एक घोळ आहे, तो आपल्याकडे फार दिसतो. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये ज्या खात्याला आधार जोडलेलं आहे, त्या खात्यात येतात. आणि हप्ता कापायचा फॉर्म भरलाय दुसऱ्या बँकेच्या खात्याचा. बाईला वाटतं, पैसे आलेत, हप्ता गेला असेल. पैसे एका खात्यात, हप्ता दुसऱ्या रिकाम्या खात्यातून परत! घरी गेल्यावर दोन्ही पासबुकं समोर ठेवून बघा, कुठलं खातं कशाला जोडलंय. कळत नसेल तर बैठकीला घेऊन या, लाजू नका.

आणि आपल्या बीड भागातली गोष्ट तर वेगळीच. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं, ते उन्हाळ्यातच परतायचं. जाताना बाई हप्त्याचे पैसे जावेकडे किंवा शेजारणीकडे देऊन जाते. शेजारीण प्रामाणिक असते, पण तिच्याही घरी आजारपण निघतं. "पुढच्या आठवड्यात भरू," म्हणता म्हणता महिना जातो. तिकडे पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईला पत्ताही नसतो. उसाच्या फडात रेंज नसते. आमच्या एका गटानं यावर चांगलं केलं. जाणाऱ्या प्रत्येकीच्या किती हप्त्यांची तारीख त्या काळात येते ते निघायच्या आधीच्या बैठकीत वहीत लिहायचं, उचल हातात पडली की पहिले तेवढे पैसे स्वतःच्याच खात्यात टाकायचे, आणि घरी राहिलेल्या एका सदस्येनं दर महिन्याला फोन करून कापला का ते सांगायचं. फार मोठी युक्ती नाही, पण त्या गटाचा मागच्या हंगामात एकही हप्ता परत गेला नाही.

मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता रोखीनं देता ना? मग कार्डावर तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. "ताई, आज घाई आहे, पुढच्या वेळी दोन्ही सह्या करतो," असं म्हणणारा माणूस पुढच्या वेळी बदलून गेलेला असतो. तुमच्याकडे सही नाही, त्यांच्याकडे नोंद नाही. मग भांडण तुमचं आणि कॉम्प्युटरचं. त्यात कॉम्प्युटर जिंकतो.

एक गोष्ट जरा जपून ऐका. कर्ज खूप थकलं की कुणीतरी येऊन म्हणतं, निम्मे भरा, मिटवून टाकू. त्याला तडजोड म्हणतात. अगदीच अडचण असेल तर घ्यावी लागते, मी नावं ठेवत नाही. पण अहवालात ते कर्ज "बंद" असं लिहून येत नाही, "तडजोडीनं मिटवलं" असं येतं, आणि पुढची बँक ते वाचते. थोडेथोडे करून पूर्ण फेडता येत असेल तर तसं करा. आणि बँकेनं कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ झालं, असंही नाही. तो त्यांच्या वहीतला हिशेब आहे, देणं आपल्या नावावर तसंच राहतं.

आता तुमच्यातली कुणीतरी मनात म्हणत असेल, माझ्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय, म्हणून आमच्या गटाचं कर्ज अडेल का? तर नाही. सदस्येचा नवरा किंवा घरचं कुणी थकबाकीदार आहे, एवढ्या कारणावरून सगळ्या गटाला कर्ज नाकारू नये, असं बँकांना दिलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. कुणी तसं सांगितलं तर नम्रपणे म्हणा, साहेब, लेखी द्या. मी हे दोनदा म्हटलंय, दोन्ही वेळा लेखी मिळालं नाही आणि फाइल मात्र पुढे सरकली. आणि जिनं आजवर कुठलंच कर्ज घेतलेलं नाही, तिच्या अहवालात स्कोअरच नसतो, उणे एक असं काहीतरी दिसतं. त्याला घाबरू नका. आधी कर्ज घेतलेलं नाही, एवढ्याच कारणानं पहिल्यांदा मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं आहे.

आपला अहवाल आपल्याला बघता येतो. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पॅन आणि आपला मोबाइल नंबर लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. उलट एकाच महिन्यात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले तर प्रत्येक बँक चौकशी करते, त्याची नोंद होते आणि बाई फारच अडचणीत आहे असं दिसतं. ओटीपी आला की तो आपल्या घरच्या किंवा खात्रीच्या माणसासमोरच वापरायचा. "दोन हजार द्या, सिबिल वाढवून देतो," असं सांगणारे आता तालुक्याला बसायला लागलेत. खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

चुकीच्या नोंदी येतात बरं का. फेडलेलं कर्ज चालू दिसतं, नावात साम्य असलेल्या दुसऱ्या बाईचं कर्ज आपल्या माथी येतं. अशा वेळी बँकेला किंवा त्या माहिती कंपनीला लेखी तक्रार द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच फार महत्त्वाची, कारण दिवस तिथून मोजतात. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आपल्याला मिळायला हवी, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. या वेळी दिवस त्यांचे मोजायचे! तरीही कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याची फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते, एक चार चार चार आठ. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा हवं तर.

परवा काकी भेटल्या. त्यांच्या सुनेला शिलाई मशीन घ्यायचं आहे, हप्त्यावर. दुकानदारानं विचारलं, कुणाच्या नावावर करू? काकींनी सुनेचंच नाव सांगितलं, नंबर सुनेचाच लिहायला लावला, आणि पहिला प्रश्न विचारला म्हणे, "हप्ता परत गेला तर दंड किती, ते आधी सांग." दुकानदाराला फोन करून विचारावं लागलं.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला आपल्या बँक सखी ताई येणार आहेत, पासबुकातली इंग्रजी अक्षरं कशी वाचायची ते सांगायला. आपलं पासबुक जवळ घेऊन बसा, आणि शेवटची एन्ट्री जुनी असेल तर त्याआधी भरून आणा. येते मी. नमस्कार.